स्कॉटलंडहून परदेशी गेलेले पूर्वज: जहाज नंतर, आधी पॅरिश शोधा

यारातीर

सासूबाईंचं माहेर मूळचं स्कॉटिश. त्यांचे पणजोबा स्काय बेटावरून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आले, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांसाठी म्हणून मी ही वंशावळ लावायला घेतली आणि त्यात पुरती गुंतले. आपल्या इथे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडमधली बरीच मंडळी आहेत, काहींच्या घरात स्कॉटिश सून किंवा जावई आहे. त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक जण शोध सुरू करतात तो जहाजापासून. बोटीचं नाव सापडलं की बाकी सगळं आपोआप उलगडेल असं वाटतं. पण ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या मिळतात त्या १८९० पासून पुढच्या. १८९० ते १९६० च्या त्या याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्याआधी गेलेल्या माणसाची नोंद सापडलीच तर ती उतरलेल्या बंदरात, आणि तिथेही बऱ्याचदा 'मजूर, वय ३०, स्कॉटलंड' एवढ्यावर बोळवण होते. त्या नावाचे त्याच वयाचे दहा जण स्कॉटलंडमध्ये असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की जहाजाच्या मागे लागू नका, आधी पॅरिश शोधा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा टापू. जुनी स्कॉटिश नोंदवही उघडते ती पॅरिशच्या नावाने.

आणि पॅरिशचं नाव बहुधा स्कॉटलंडमध्ये सापडत नाही, माणूस जिथे जाऊन राहिला आणि वारला तिथे सापडतं. आमच्या पणजोबांचा मृत्यूचा दाखला व्हिक्टोरियाचा, १८९३ चा. व्हिक्टोरियात १८५३ साली सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिथले मृत्यूचे दाखले फार तपशीलवार असतात: आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मठिकाण, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं, आणि वसाहतीत किती वर्षं वास्तव्य होतं. आमच्या दाखल्यात वास्तव्य ४१ वर्षं, म्हणजे आले ते १८५२ च्या सुमारास. आईचं माहेरचं आडनाव निकल्सन. जन्मठिकाणाच्या रकान्यात फक्त 'इन्व्हर्नेसशायर'.

इथे भले भले वाट चुकतात. इन्व्हर्नेसशायर म्हटलं की इन्व्हर्नेस शहराची वही उघडतात. पण स्काय बेट पूर्वी त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, होतं, आणि हॅरिससुद्धा. लुईस आणि हॅरिस हा जमिनीचा एकच तुकडा, पण लुईस रॉसशायरमध्ये आणि हॅरिस इन्व्हर्नेसशायरमध्ये. त्यामुळे काउंटीचा जुना नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकट्या स्कायमध्ये सात पॅरिश आहेत: ब्रॅकाडेल, ड्युरिनिश, किलम्युर, पोर्ट्री, स्लीट, स्निझॉर्ट आणि स्ट्राथ.

१८५२ हे वर्ष हाती आल्यावर मात्र वाट सरळ झाली. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, उपासमार सुरू झाली. आधीपासूनच जमीनदार कुळांना उठवून जमिनी मेंढ्यांसाठी मोकळ्या करत होते. अशा काळात हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी स्थापन झाली. १८५२ ते १८५७ या काळात तिने सुमारे ५,००० माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. लंडनमध्ये तिचे अध्यक्ष होते सर चार्ल्स ट्रेव्हेलियन, जे पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. या सोसायटीच्या याद्या एडिनबर्गला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत आणि त्यांत अख्खं कुटुंब, प्रत्येकाचं वय आणि राहण्याचं ठिकाण मिळतं. सर्वसाधारण बोटीच्या यादीत हे स्वप्नातही मिळत नाही.

तरी प्रश्न सुटला नव्हता, कारण पणजोबांच्या नावाची आणि जुळणाऱ्या वयाची दोन माणसं निघाली, दोन वेगवेगळ्या पॅरिशमधली. निकाल लागला तो १८५१ च्या जनगणनेत. ती ३० मार्च १८५१ ची, म्हणजे निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची. एका घरात कुटुंबप्रमुख, बायको, चार मुलं, आणि शेवटच्या ओळीत एक म्हातारी: 'आई, विधवा', आडनाव निकल्सन. मुलाचं आडनाव वेगळं आणि आईचं वेगळं कसं, म्हणून एखादा हे घर सोडून देईल. पण स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही कागदोपत्री बाईचं माहेरचं आडनाव चालू राहायचं, आणि विधवा तर जनगणनेत त्याच नावाने पुष्कळदा सापडतात. ती एक ओळ वाचली आणि दुसरं घर बाद झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. परदेशी गेलेला माणूस त्या वह्यांत नसतो, पण मागे राहिलेली त्याची आई, भाऊ, बहीण असतात. आमची ही म्हातारी १८५५ नंतर तिथेच वारली. तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिचे आईवडील आले आणि आम्ही एका कागदावरून थेट अठराव्या शतकात पोचलो, जिथे त्या पॅरिशची चर्चची वहीच नाही. स्कायच्या बाप्तिस्म्याच्या वह्या साधारण १८०० च्या पुढेच सुरू होतात. गेलेल्या माणसाचा शोध अडला की राहिलेल्या माणसांकडे वळा, हे मी प्रत्येकाला सांगते.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

---

लाल_माती

फार सुंदर धागा, माझ्या निवडक दहा धाग्यांत ठेवला. त्या म्हातारीच्या ओळीपाशी थांबून परत वाचलं. मुलगा, सून, नातवंडं एकदम समुद्रापार गेली आणि ती मागे राहिली. तिला का नेलं नसेल?

यारातीर

लाल_माती, सोसायटीला हवी होती ती काम करणारी तरुण कुटुंबं, वसाहतींची मागणीच तशी होती. म्हातारी माणसं मागे राहिल्याची उदाहरणं जागोजागी दिसतात. शिवाय प्रवासही जिवावरचा होता. १८५२ च्या डिसेंबरमध्ये 'हर्क्युलिस' हे जहाज स्काय, हॅरिस, नॉर्थ उइस्टची माणसं घेऊन निघालं. त्यावर देवी आणि टायफसची साथ पसरली, आयर्लंडमध्ये कॉर्कला थांबावं लागलं, कुटुंबांची फाटाफूट झाली आणि जहाज ऑस्ट्रेलियाला पोचायला १८५३ चा जुलै उजाडला. आमची म्हातारी पुढच्या जनगणनेत, १८६१ ला, मुलीच्या घरी दिसते. ते पान सासूबाईंना दाखवलं तेव्हा 'म्हणजे एकटी नव्हती' एवढंच त्या म्हणाल्या.

खडूफळा

१८४१ ची जनगणनाही आहे ना? ती वापरली का?

यारातीर

हो, पण जपून. त्यात १५ वर्षांवरच्या माणसांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलंच नाही. दहा वर्षांची मुलगी लेक आहे की पुतणी, ते तिथे कळत नाही. नातं आणि जन्माचं पॅरिश १८५१ पासून मिळतं.

हॅलिफॅक्सची_थंडी

माझी भर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून. इथे आलेले स्कॉट बरेच आधीचे. 'हेक्टर' जहाज १७७३ ला इथल्या पिक्टू बंदराला लागलं, त्याची प्रतिकृती बंदरात आहे. १८०० च्या आसपास आणि पुढे तर बारा आणि साउथ उइस्ट या स्कॉटिश बेटांवरच्या कॅथलिक लोकांची इथल्या केप ब्रेटन बेटावर रीघ लागली. ही माणसं १८५५ च्या कितीतरी आधी निघालेली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मागे राहिलेल्या भावंडांची युक्ती दर वेळी चालत नाही. भावंडंही तोवर वारलेली असतात.

आमच्याकडे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, जमिनीसाठी केलेले अर्ज. केप ब्रेटनचे १७८७ ते १८४३ चे अर्ज नोव्हा स्कोशिया अभिलेखागारात आहेत. अर्जदाराने आपलं वय, लग्न झालं की नाही, मुलं किती, कुठून आलो, केव्हा आलो हे त्यात पुष्कळदा सांगितलेलं असतं, कारण त्याला जमीन हवी होती. दुसरी, थडग्याचे दगड. इथे दगडावर नुसतं 'स्कॉटलंड' नाही, अमुक पॅरिशमध्ये जन्म असं कोरलेलं असतं. मी अँटिगोनिशजवळच्या एका जुन्या दफनभूमीत गेले होते. दगडांवर शेवाळ इतकं की अक्षर दिसेना. संध्याकाळी ऊन तिरपं झालं तसं कोरीव अक्षरांच्या कडांना सावली धरली आणि पॅरिशचं नाव स्पष्ट वाचता आलं. दगड घासायला तारेचा ब्रश वापरू नका, खडूही फासू नका. तिरपा उजेड पुरतो.

आणि गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणाऱ्या घरांत म्हातारी माणसं अजून वंश तोंडपाठ सांगतात, अमक्याचा मुलगा तमक्याचा मुलगा, पाच पाच पिढ्या. कागद सापडेपर्यंत तेही लिहून घ्यावं.

यारातीर

हॅलिफॅक्सची_थंडी, हे फार मोलाचं दिलंत. १७७३ च्या अखेरीपासून दोनेक वर्षं सरकारने बंदरांवरून देश सोडणाऱ्यांच्या याद्या मागवल्या होत्या, त्यांत जाण्याचं कारणही नोंदलेलं आहे. भाडं वाढलं, जनावरांना भाव नाही, नातेवाईक आधीच तिकडे गेलेत. तो काळ असेल तर क्यूला त्या याद्या नक्की बघा.

नातू_आजोबांचा

नावांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. स्कॉटिश घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला बापाचं. मुलींत पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडचीच चाल आहे ही, फक्त आईच्या माहेरालाही तेवढाच मान. यावरून आजी-आजोबांची नावं थेट काढता येतात की!

यारातीर

अंदाज बांधता येतो, पुरावा म्हणून धरू नका. सगळे पाळायचेच असं नाही. आणि पाळायचे तेव्हाच खरी पंचाईत होते: एका आजोबांचे पाच मुलगे, पाचही जणांनी आपापल्या थोरल्याला आजोबांचं नाव दिलं, म्हणजे एका गावात एकाच नाव-आडनावाची पाच चुलतभावंडं, वयंही जवळजवळची. तिथे त्यांना वेगळं करते ती आई, तिचं माहेरचं आडनाव.

शिवाय एकाच माणसाची नावं बदलत जातात. पीटर आणि पॅट्रिक एकच धरले जात. जेनेट आणि जेसी एकच. बेटांवर माणसं घरात गेलिक बोलत आणि लिहिणारा इंग्रजीत लिहून घेई, त्यामुळे घरचा टॉर्मोड कागदावर नॉर्मन होतो आणि एफी कधी युफेमिया. आडनावातलं मॅक कधी असतं, कधी गळतं. संगणकावर शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका.

कापडाची_पेठ

आमच्या जावयांनी एडिनबर्गच्या दुकानातून आडनावाचा टार्टन (घराण्याच्या चौकड्यांचं कापड) आणि क्लॅनचं, म्हणजे स्कॉटिश घराण्याचं, प्रमाणपत्र आणलंय. म्हणजे ते मॅकडोनाल्ड प्रमुखांच्या वंशातले असं धरायचं का?

यारातीर

नाही. क्लॅनच्या प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली अनेक कुळं त्याचंच आडनाव लावत. एक आडनाव म्हणजे एक रक्त असं तिथे नाही. टार्टन जावयांनी अभिमानाने नेसावा, छान दिसतो, पण वंशावळीच्या फायलीत तो कागद लावू नये. त्यांचे पणजोबा कोण होते ते त्यांच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदीच सांगतील.

सहावा_गुणसूत्र

डीएनए चाचणीचं काय? बायकोने केली. स्कॉटलंड मोठ्ठ्या टक्क्यात आलं आणि शेकडो चुलत-मावस नातलग.

यारातीर

टक्क्यांकडे फार लक्ष देऊ नका, नातलगांच्या यादीकडे द्या. कॅनडातली एखादी व्यक्ती दूरची बहीण निघते आणि तिच्याकडे तुमच्यापेक्षा जुना कागद असतो, हा खरा फायदा. पण पूर्वज बेटावरचे असतील तर सांभाळून. पिढ्यानपिढ्या तिथल्या तिथेच लग्नं झाल्यामुळे दोन माणसं चार बाजूंनी नात्यात असतात आणि चाचणी त्यांना प्रत्यक्षापेक्षा जवळचं दाखवते. कागदाची जोड नसेल तर डीएनएवरून पिढी ठरवू नका.

ओंटारिओचा_बर्फ

एक दुखरा विषय मांडतो. सगळे स्कॉट कुटुंबासकट आले नाहीत. विल्यम क्वारियर यांनी स्कॉटलंडमध्ये ब्रिज ऑफ वेअरला अनाथाश्रम काढले आणि १८७० च्या दशकापासून तिथली हजारो मुलं कॅनडात पाठवली. ओंटारिओत ब्रॉकव्हिल इथे फेअरनोव्ह नावाच्या घरात त्यांना उतरवायचे आणि तिथून शेतांवर कामाला. अशी अनेक मुलं खरं तर अनाथ नव्हती. आई किंवा बाप जिवंत होता, पोसायची ऐपत नव्हती. आमच्या शेजारच्या आजींचे वडील त्यांतले. त्यांनी मरेपर्यंत घरी सांगितलं नाही. ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे अशा मुलांची नावानिशी सूची आहे आणि ती घरबसल्या शोधता येते. पूर्वज दहा-बारा वर्षांचा असताना एकटाच आलेला दिसला तर ही सूची सगळ्यात आधी उघडा.

यारातीर

ओंटारिओचा_बर्फ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अशा मुलांच्या आईबापांची बाजू बघायची तर गरीब-मदतीच्या नोंदी बघा. १८४५ च्या कायद्यानंतर प्रत्येक पॅरिशमध्ये मदत मागणाऱ्याची चौकशी लिहून ठेवत: वय, जन्मगाव, नवरा कुठे, मुलं किती, आजार काय. ग्लासगो आणि आसपासच्या अशा नोंदींचा प्रचंड साठा तिथल्या मिचेल लायब्ररीत आहे. वाचताना जीव कासावीस होतो, पण गरीब माणसाबद्दल एवढं तपशिलात दुसरं कुणी लिहिलेलं नाही.

जुनी_चोपडी

मला १८४३ नंतर बाप्तिस्माच सापडत नाहीये. १८३९ पर्यंतची भावंडं आहेत, १८४५ च्या आसपासची नाहीत. पर्थशायर.

यारातीर

१८४३ ला चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं, त्यांच्यामागे लोकही गेले. न्यूझीलंडमध्ये ओटागोची वसाहत १८४८ ला याच फ्री चर्चच्या पुढाकाराने झाली. जुन्या पॅरिश वह्या १८५४ पर्यंतच्या आहेत, पण त्या सरकारमान्य चर्चच्या. तुमचं कुटुंब फ्री चर्चमध्ये गेलं असेल तर तिथे सापडणार नाही, त्या चर्चच्या स्वतंत्र नोंदी बघाव्या लागतील. आणि एखादं मूल १८५५ साली जन्मलेलं असेल तर तुमचं नशीब थोर. पहिल्या वर्षी जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मठिकाणं, लग्न कधी आणि कुठे, आधीची मुलं किती जिवंत आणि किती गेलेली, सगळं मागितलं होतं. लिहिणाऱ्यांना ते झेपेना म्हणून १८५६ पासून कमी केलं. आईबापांच्या लग्नाची तारीख १८६१ ला परत आली.

जुनी_चोपडी

१८५५ चा धाकटा भाऊ आहे! आजच बघतो.

गिरगावचा_चाळकरी

मुंबईकडून विचारतो. आमच्या ओळखीच्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबात सांगतात की त्यांचे मूळपुरुष कंपनी सरकारच्या काळात स्कॉटलंडहून मुंबईला आले. शिवडीच्या दफनभूमीत पुढच्या पिढ्यांची थडगी आहेत. पण मूळ गाव माहीत नाही. मुंबईत कुठे सापडेल?

यारातीर

मुंबईत स्कॉटिश माणसं भरपूर होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश, १८२९ ला आलेले जॉन विल्सन लॉडरचे, ज्यांच्या नावाने चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज आहे. फोर्टातलं सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चं, स्कॉटिश मंडळींसाठीच बांधलेलं. पण तुमच्या कामाचे कागद बरेचसे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती एन/३ या क्रमांकाखाली लावल्या आहेत (बंगाल एन/१, मद्रास एन/२). फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या संकेतस्थळावर बऱ्याच नोंदींची सूची फुकट शोधता येते, सुरुवात तिथून करा.

मूळपुरुष कोण होते त्यावर पुढचं ठरतं. कंपनीच्या फौजेत अधिकारी असतील तर त्यांचे कॅडेट पेपर्स मागवा. भरती होताना वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा उतारा जोडावा लागे, आणि त्यावर पॅरिश असतंच. साधे शिपाई असतील तर कंपनीच्या फौजेची भरतीची रजिस्टरं बघा. व्यापारी असतील आणि गावाकडे जमीन असेल तर एडिनबर्गच्या 'सर्व्हिसेस ऑफ हेअर्स' या नोंदी बघा. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे, वारसाला आपला हक्क सिद्ध करावा लागे. त्यामुळे परदेशी बसलेला वारस आणि गावी वारलेला बाप एकाच ओळीत सापडतात.

गिरगावचा_चाळकरी

शिपाई होते बहुतेक, तोफखान्यात. त्यांच्याकडे लग्नाचं साल आहे, १८३४, मुंबई.

यारातीर

मग आधी एन/३ मध्ये १८३४ चं लग्न काढा. नोंदीत हुद्दा आणि तुकडी लिहिलेली असते. तुकडी कळली की तोफखान्याच्या रजिस्टरात जन्माचं पॅरिश आणि काउंटी शोधायची. ते मिळालं की स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर त्या पॅरिशची जुनी वही बघा. नावाची सूची शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ पानाची प्रतिमा उघडायला क्रेडिट्स लागतात. पॅरिश हाती येण्याआधी ती खर्च करू नका. आणि लग्नाच्या नोंदीतली साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. त्याच तुकडीतला गाववाला साक्षीला उभा असण्याची शक्यता बरीच असते.